बीड वजनावर विकू नका

ओतीव लोखंडाला आपल्याकडे बीड म्हणतात. सातारा-सांगलीत जुन्या मालाचा धंदा करणाऱ्या बंधूंना आमचे सांगणे आहे की, बिडाचा प्रत्येक नग लगेच भंगाराच्या काट्यावर चढवू नका.

या मालाला इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. १९१० साली त्यांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. नांगरामागोमाग तिथे उसाचे चरक आणि पुढे लोखंडी फर्निचरही होऊ लागले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनीही नांगरांचा कारखाना काढला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.

बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. म्हणून ते पातळ होऊन साच्याच्या नक्षीत बरोबर उतरते, दाबही सोसते. पण घण बसला की तडकते आणि वेल्डिंगही सहज धरत नाही. ट्रकमध्ये मावावे म्हणून शिलाई मशिनचा नक्षीदार स्टँड फोडलेला आम्ही पाहिला आहे. वर लाकडी फळी टाकली असती तर त्याचे चांगले टेबल झाले असते.

खरेदी करताना लोहचुंबक जवळ ठेवा. ॲल्युमिनियमच्या नकलेला तो चिकटत नाही. पायांचे सांधे तपासा, रंगाखाली तडे दडलेले असतात. कारखान्याचे ओतीव नाव दिसले, तर ते घासून काढू नका.