फोन मध्येच रीस्टार्ट होतो तेव्हा

टेंभुर्णीच्या शिवारात कपाशीसमोर उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढावा आणि नेमका तेव्हाच फोन रीस्टार्ट व्हावा, हे फार जिवाला लागतं. २०२१च्या १५ ऑगस्टपासून राज्यात शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवतो आणि तीच नोंद सातबाऱ्यावर चढते. म्हणून हा बिघाड समजून घ्यायलाच हवा.

दोष बहुधा ॲपचा नसतो. अँड्रॉइड प्रत्येक ॲप वेगळं ठेवतं. ते बिघडलं तर सहसा तेवढंच बंद पडतं. अख्खा फोन रीस्टार्ट झाला, तर आधी बॅटरी तपासा. जुन्या लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. कॅमेरा, जीपीएस आणि रेंजची शोधाशोध एकदम सुरू झाली, की व्होल्टेज झपकन उतरतं आणि चार्जिंग शिल्लक दिसत असूनही फोन मान टाकतो. असे फोन बंद पडू नयेत म्हणून जुन्या आयफोनचा वेग कमी केल्याचं ॲपलने २०१७मध्ये मान्य केलं होतं.

फोन सेफ मोडमध्ये चालवून पाहा. तिथे आपण टाकलेली ॲप्स बंद असतात. तरीही रीस्टार्ट होत असेल, तर बॅटरी दुकानात तपासून घ्या. थांबलं, तर नुकतंच टाकलेलं ॲप काढा.

पाहणीचं ॲप अडकलं, तर फक्त कॅशे पुसा. ‘क्लिअर डेटा’ दाबलंत, तर अपलोड न झालेली नोंदही जाईल. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसावर पाहणी ठेवू नका.