सेवा करणाऱ्या हातांचे रक्षण

सकाळी वॉर्डाची झाडलोट सुरू असते. कचऱ्याची पिशवी उचलताना सफाई कर्मचाऱ्याच्या बोटात काहीतरी टोचते. रात्रपाळीत वापरलेली इंजेक्शनची सुई कोणीतरी घाईत साध्या कचऱ्यात टाकलेली असते. तो बोट नळाखाली धरतो, चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. वरिष्ठांना सांगितले तर आपल्यालाच बोलणी बसतील, कंत्राटदार उद्या कामावर घेणार नाही, या भीतीने तो गप्प राहतो. दोन-तीन महिन्यांनी अन्नावरची वासना जाते, अंग मोडून येते, डोळे पिवळे दिसू लागतात. तोवर ती सुई त्याच्या स्मरणातही उरलेली नसते.

रुग्णालयातील कामातून होणारा ‘हिपॅटायटिस बी’ हा संसर्ग बहुधा असाच गुपचूप येतो. जैन समाजाच्या विश्वस्त संस्था अनेक गावांत आणि शहरांत रुग्णालये, रक्तपेढ्या, डायलिसिस केंद्रे आणि निदान केंद्रे चालवतात. शिवाय आज व्यापारी कुटुंबांतील कितीतरी मुले-मुली डॉक्टर, दंतवैद्य किंवा पॅथॉलॉजिस्ट झाली आहेत. त्यामुळे हा विषय केवळ वैद्यकीय क्षेत्राचा राहिलेला नाही. तो विश्वस्त मंडळाच्या बैठकीचा आणि घरातील चर्चेचाही आहे.

हा विषाणू यकृतावर आघात करतो. रक्तातून आणि शरीरातील इतर स्रावांतून तो पसरतो. शिळे अन्न किंवा दूषित पाणी यांतून होणारी कावीळ निराळी. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते सहा महिने जातात आणि अनेकांना तर लक्षणे जाणवतही नाहीत. बहुतेक प्रौढ रुग्ण बरे होतात. मात्र शंभरातील सुमारे पाच जणांच्या शरीरात विषाणू कायमचा ठाण मांडतो. पुढे त्यांतील काहींना यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोक या विषाणूचा जुनाट संसर्ग घेऊन जगत होते. म्हणजेच रुग्णालयात रोज येणाऱ्या रुग्णांपैकी काही जण, स्वतःस ठाऊक नसतानाही, हा विषाणू बाळगून असतात.

रुग्णालयाच्या दृष्टीने या विषाणूची दोन लक्षणे विशेष घातक आहेत. पहिले म्हणजे वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस जिवंत राहतो. दुसरे म्हणजे त्याचा प्रादुर्भाव करण्याची शक्ती. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोका हजारात सुमारे तीन इतका असतो. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या माणसाला तो शंभरात तीसपर्यंत असू शकतो. एचआयव्हीच्या नावाने सारे दचकतात. त्याहून कितीतरी पटींनी सहज लागणाऱ्या या विषाणूकडे मात्र दुर्लक्ष होते.

इतिहासाने हा धडा महागात शिकवला आहे. 1969-70 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात या रोगाची साथ आली आणि रुग्णांबरोबर तेथील काही कर्मचारीही मृत्युमुखी पडले. आपल्या शेजारी गुजरातमध्ये, साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे 2009 मध्ये मोठी साथ उद्भवली. तिच्या मुळाशी वापरलेल्या सुया आणि सिरिंजांचा पुनर्वापर होता. एका सुईच्या बाबतीतील बेपर्वाईची किंमत कित्येक कुटुंबांना मोजावी लागली.

या रोगावरील उपाय मात्र फार पूर्वीच हाती आला आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लुमबर्ग यांनी हा विषाणू शोधून काढला. त्यासाठी 1976 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचा 28 जुलै हा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. 1981 मध्ये अमेरिकेत पहिल्या लसीला मान्यता मिळाली. ती बाधितांच्या रक्तद्रवापासून बनवलेली होती. 1986 पासून यीस्टच्या पेशींच्या साहाय्याने तयार होणारी लस आली. तीत मानवी रक्ताचा अंश नसतो आणि जिवंत विषाणूही नसतो. भारतात आयात लस महाग होती. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशा प्रकारची पहिली स्वदेशी लस बाजारात आणली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली. के. आय. वरप्रसाद रेड्डी या उद्योजकाचे हे कार्य व्यापारी समाजाने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे.

अमेरिकेत 1991 च्या नियमाने रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना ही लस विनामूल्य देऊ करणे मालकावर बंधनकारक केले. त्या देशात 1983 साली आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये अंदाजे दहा हजार नवे संसर्ग होत असत. पुढील दोन दशकांत हे प्रमाण 90 टक्क्यांहून अधिक घटले. लसीकरण आणि सुई हाताळण्याची शिस्त, या दोन गोष्टींनी हे साधले.

भारतातही कायदा आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांविरुद्ध लस देणे आणि वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणे, ही रुग्णालय चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे. बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस देशभर पोहोचली ती 2011-12 च्या सुमारास. त्यामुळे आज कामावर असलेल्या बहुसंख्य प्रौढांना ती लहानपणी मिळालेली नाही. डॉक्टर आणि परिचारिका बहुधा लस घेतात. वॉर्डबॉय, आया, धुलाई विभागातील माणसे आणि कंत्राटी सफाई कर्मचारी मागे राहतात. ज्याच्या हाती कचऱ्याची पिशवी, त्याचेच नाव लसीकरणाच्या नोंदवहीत नसते.

येथे विश्वस्तांचे काम सुरू होते. दुकानातील मालाचा विमा उतरवल्याशिवाय कोणी व्यापारी निर्धास्त झोपत नाही. रुग्णालयातील माणसांच्या बाबतीत हाच व्यवहार पाळायला हवा. विश्वस्त मंडळाने वर्षाच्या ताळेबंदाबरोबर आणखी एक यादी मागवावी. तीत रुग्णालयात पाऊल ठेवणारा प्रत्येक कर्मचारी, कंत्राटी असला तरी, नावानिशी असावा. लसीच्या तिन्ही मात्रा पूर्ण झाल्या काय, हे त्यापुढे लिहिलेले असावे. पहिली मात्रा, त्यानंतर एक महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी, असा क्रम असतो. तिसरीनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून प्रतिपिंडांचे प्रमाण, म्हणजे टायटर, 10 किंवा त्याहून अधिक आहे ना, हे पाहणे आवश्यक असते. काहींच्या शरीरात पहिल्या तीन मात्रांनी संरक्षण निर्माण होत नाही; त्यांना पुन्हा मात्रा द्याव्या लागतात. एखाद्या नव्या यंत्राच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे.

दुसरी व्यवस्था सुई टोचल्यानंतरची. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट दाबू किंवा चोखू नये. घटना त्वरित कळवावी. लस न घेतलेल्या व्यक्तीला इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन शक्यतो 24 तासांच्या आत आणि त्याबरोबर लसीची पहिली मात्रा दिली, तर संसर्ग बहुतेक वेळा टळतो. सात दिवस उलटले की त्या इंजेक्शनचा भरवसा राहत नाही. म्हणून जो कर्मचारी घटना सांगेल त्याला ओरडा मिळणार नाही, त्याचा पगार कापला जाणार नाही, हे व्यवस्थापनाने स्पष्ट शब्दांत जाहीर केले पाहिजे. भीतीपोटी लपवलेली जखम हीच सर्वांत धोकादायक असते.

एखाद्या कर्मचाऱ्याला संसर्ग झालाच, तर त्याला कामावरून काढून टाकणे हा अन्याय आहे. एकत्र जेवल्याने, एकाच भांड्यातून पाणी प्यायल्याने किंवा हात हातात घेतल्याने हा रोग पसरत नाही. विषाणू आटोक्यात ठेवणारी औषधे उपलब्ध आहेत. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार विनामूल्य मिळतात. अशा कर्मचाऱ्याच्या पती वा पत्नीची आणि मुलांची तपासणी व लसीकरण संस्थेनेच करवून घ्यावे.

जैन आचारधर्माला हा विचार नवा नाही. साधुजनांच्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना एकाही जीवाला इजा होणार नाही, हे पाहणे. उत्सर्ग समिती आहे: टाकाऊ ते कोठे आणि कसे टाकावे, याची दक्षता घेणे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावता ती जागच्या जागी, न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकणे, ही याच विवेकाची रुग्णालयातील आवृत्ती होय. हिंसा केवळ हेतूने होत नाही, प्रमादानेही होते. कोणाच्या तरी निष्काळजीपणामुळे सफाई कामगाराचे यकृत निकामी होत असेल, तर त्या प्रमादाचा वाटा ती सुई टाकणाऱ्या हातापुरता मर्यादित राहत नाही. व्यवस्था न करणाऱ्यांपर्यंत तो पोहोचतो.

रुग्णसेवेला, म्हणजे वैयावृत्त्याला, जैन परंपरेने अंतरंग तपात स्थान दिले आहे. रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक असतो आणि तो असावाही. पण दान खऱ्या अर्थाने पोहोचले की नाही, हे पाहायचे असेल तर विश्वस्ताने एकदा लसीकरणाची नोंदवही उघडावी आणि पहाटे वॉर्ड झाडणाऱ्या माणसाचे नाव तीत शोधावे.