एकच कोंबडी तीनदा

नगर जिल्ह्यातल्या गावच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाची उपासना संपली, की मंडपात लिलाव सुरू होतो. ज्वारी-बाजरीची पोती, भोपळे, कांदे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, जे घरात पिकलं ते सकाळी अर्पण झालेलं असतं. बोली पुकारायला मंडळीतलाच खड्या आवाजाचा माणूस उभा राहतो. कोंबडी बाजारभावाच्या दुपटीला सुटते. घेणारा पैसे मोजतो आणि ती पुन्हा टेबलावर ठेवतो, "परत लिलावात घ्या." तिसऱ्या बोलीला ती पुण्याहून आलेला कुणाचा तरी नातू घेतो, तेव्हा कुठे तिची सुटका होते. चर्चच्या बांधकामाच्या वर्षी हा लिलाव दुपार कलली तरी चालतो.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये ठाणं केलं. मिशनच्या काळात इमारतींना परदेशातल्या मंडळ्यांचा मोठा आधार असे. आता परदेशी देणगी घ्यायची तर सरकारी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच आधी जमा करावी लागते. लहान मंडळीला हे झेपत नाही. तरी इमारत आपल्याच घामाच्या पैशातून उठते, याचं मोल मला फार वाटतं.

लिलावात उत्साह दिसतो. खरा भार वाहतात महिन्याची पाकिटं. प्रत्येक घर वचनपत्र भरून देतं. नोकरदाराचं पाकीट पगारानंतरच्या रविवारी येतं. ऊसतोडीला गेलेल्या घराचं तसं नाही. उचल आधीच खर्चलेली असते, हिशोब होतो तो हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर. म्हणून शहाणी पंचकमिटी स्लॅबची तारीख त्या घरांच्या परतण्यानंतरची धरते. पायाला पैसे मागणं सगळ्यांत कठीण. तो मातीत जातो, डोळ्यांना दिसत नाही. स्लॅबला मात्र मागावं लागत नाही. सिमेंटच्या गोण्या कुणी परस्पर दुकानात भरून टाकतं, कुणी दिवसभर पाट्या उचलतं. ती मजुरीही दानाच्या वहीत लिहावी, असं माझं ठाम मत आहे.

रकमेसकट नावं वाचायची पद्धत मला पटत नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे, तो त्या रविवारी मागच्या बाकावर बसतो आणि पुढच्या रविवारी येतच नाही. पाकिटावर नुसता क्रमांक असावा, दोघांनी मिळून मोजावं, दोघांनी सही करावी. हिशोब मात्र उघडा हवा, पैन् पैचा. एका मंडळीत तो फळ्यावर लागला, तेव्हा एका आजींनी खजिनदाराला थांबवलं: "खिडक्यांच्या गजाला एवढे कसे लागले, बाबा?" खजिनदाराने बिल आणून दाखवलं. आजींनी दर विचारला, वजन विचारलं, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात चौकशी करायला सांगितलं.