लेण्यातला अंधार आणि परदेशी निघालेला कॅमेरा

समजा तुमची मावशी तीन महिन्यांसाठी परदेशी निघाली आहे. 'तू विज्ञान शिकतोस ना, मग सांग, कोणता डिजिटल कॅमेरा घेऊ?' असे तिने विचारले, तर काय सांगाल? दुकानात पहिल्यांदा मेगापिक्सेलचा आकडा ऐकवतात. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रकण. आकडा मोठा तितका कॅमेरा चांगला, अशी बहुतेकांची समजूत असते. ती पारखून पाहायला परदेशी जायला नको. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला जावे.

तिथे डोंगराच्या दक्षिणाभिमुख कड्यात सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे मंदिर आहे, म्हणून गर्दी तिकडे असते. आपण शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात शिरू. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, आणि पार शेवटी स्तूप. उन्हातून आत आल्यावर क्षणभर काही दिसत नाही. मग डोळे सरावतात. कॅमेऱ्याला हे सरावणे हिशेबाने करावे लागते.

तो हिशेब करून पाहू. बाहेर लख्ख उन्हात पायऱ्यांचा फोटो काढताना संवेदनशीलता (आयएसओ) २०० आणि भिंगाचे छिद्र एफ/८ ठेवले, तर सेकंदाचा ८०० वा भाग पुरतो. स्तूपापाशी प्रकाश बाहेरच्या एक हजारांश आहे असे धरा. मग सव्वा सेकंद लागेल. इतका वेळ हात स्थिर राहत नाही. छिद्र एफ/२.८ पर्यंत उघडले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे आठपट होते आणि वेळ सेकंदाच्या सहाव्या भागावर येतो. तोही हाताला जास्तच. संवेदनशीलता १६०० केली की सेकंदाचा ५० वा भाग पुरतो. आता जमले!

पण संवेदनशीलता वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. रेडिओवर दूरच्या केंद्राचा आवाज मोठा केला, की खरखरही मोठी होते, तसाच हा प्रकार आहे. ही खरखर येते कुठून? प्रकाश कणाकणाने येतो. अंगणातल्या फरशांवर पावसाचे थेंब पडतात, तेव्हा प्रत्येक फरशीवर अगदी सारखे थेंब कधीच पडत नाहीत. सरासरी १०० प्रकाशकण आले, तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०, शेकडा दहा. १०,००० आले तर चढउतार १००, शेकडा एकच. म्हणून अंधारातल्या फोटोत रवाळपणा दिसतो.

उपाय एकच: जास्त प्रकाशकण गोळा करणे. त्यासाठी प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, मोठी हवी. खिशात मावणाऱ्या अनेक साध्या कॅमेऱ्यांत ती सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरची असते. भिंगे बदलता येणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत ती सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरची असते. गुणाकार करून पाहा: क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट! छिद्राचा आकडा आणि वेळ तेच ठेवले तर प्रकाशही तेरापट. चित्रकणांचे म्हणाल, तर वहीच्या मोठ्या पानाएवढ्या (ए-४) सुबक छपाईला नऊ मेगापिक्सेल पुरतात. चांगले मोबाइल अनेक फोटो झटपट काढून त्यांची सरासरी घेतात; नऊ फोटोंच्या सरासरीत रवाळपणा एक तृतीयांशावर येतो. युक्ती छान आहे, पण समोरची माणसे हलली की ती अडखळते.

फ्लॅशचा मोह नको. दोन मीटरवर मिळणारा प्रकाश दहा मीटरवर पंचविसाव्या भागाइतकाच उरतो. स्तूप काळाच राहतो आणि जवळचा खांब तेवढा पांढराफटक होतो. शिवाय परदेशांतल्या कित्येक संग्रहालयांत फ्लॅशला मनाई असते. तेव्हा मावशीला सांगा: सेन्सरचा आकार आणि भिंगाचे छिद्र आधी विचार, मेगापिक्सेल मागाहून.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे: काढलेले फोटो ठेवायचे कुठे? आपल्याच महाराष्ट्रातल्या अजिंठ्याची हकिगत ऐका. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल याला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या नकला लंडनला गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. भिंतींवरची मूळ चित्रे त्यानंतरही झिजतच राहिली. त्या नकलांत जे टिपले होते, त्यातले काही आता पुन्हा कुठेच पाहायला मिळणार नाही.

त्या काळी मोठ्या चित्राची दुसरी प्रत काढणे म्हणजे पुन्हा काही महिने राबणे. आज ते मिनिटांचे काम आहे, तरी लोक सगळे फोटो एकाच कार्डावर ठेवतात. कार्डातली माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन. वर्षे गेली की ते हळूहळू निसटतात. कार्ड हे कायमचे कोठार नव्हे. आता मावशीचा हिशेब मांडू. रोज १०० फोटो, प्रत्येकी ५ मेगाबाइट, ९० दिवस: एकूण ४५ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटच्या एकाच कार्डात ते मावेल, पण कार्ड हरवले तर तिन्ही महिने गेले. त्यापेक्षा ३२ गिगाबाइटची दोन कार्डे बरी. रोज रात्री एक प्रत छोट्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क कॅमेऱ्याच्या पिशवीत मुळीच ठेवू नये. पिशवी चोरणाऱ्याच्या लेखी दोन प्रती म्हणजे एकच!

तिसरी प्रत इंटरनेटवरून घरी पाठवावी. मुक्कामी सेकंदाला ५ मेगाबिट वेग मिळाला, तर दिवसाचे ५०० मेगाबाइट, म्हणजे ४,००० मेगाबिट, साधारण तेरा मिनिटांत जातात. सगळे शेवटच्या रात्रीवर ढकलले तर वीस तास लागतील, आणि विमान तोवर थांबणार नाही. कार्ड पुसण्याआधी प्रतींतले चार-दोन फोटो पूर्ण आकारात उघडून पाहावेत. यादीत फाइलचे नाव दिसले, म्हणजे आतला फोटो शाबूत असेलच असे नाही.