जुन्या शिकारी सुरीची ओळख व कालनिश्चिती

शिकारी सुरी म्हणजे मुठीत पक्के बसवलेले, न मिटणारे पाते असलेली सुरी होय. गडचांदूरसह चंद्रपूर–गडचिरोलीच्या वनप्रदेशात ब्रिटिश काळात शिकार प्रचलित होती. ताडोबात १९३५ साली शिकारबंदी झाली.

कालनिश्चिती
मुठीजवळ पात्यावर उमटवलेली मुद्रा हा मुख्य पुरावा होय. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सच्या पात्यांवर मुकुटासह राज्यकर्त्यांची आद्याक्षरे आढळतात. 'व्ही. आर.' ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीची (१८३७–१९०१), तर 'ई. आर.' सातव्या एडवर्डची (१९०१–१९१०) आहेत. अशी मुद्रा त्या राजवटीपूर्वीची असू शकत नाही. मात्र जुना ठसा पुढेही वापरला जाणे शक्य असते. हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफील्ड येथे १९१३ साली गंजरोधक पोलाद तयार केले. त्यामुळे तशा पोलादाचे पाते त्यानंतरचे ठरते. मूठ वा म्यान बदललेले असू शकते, म्हणून केवळ त्यांवरून काळ ठरवू नये.

जतन व कायदा
गंज घासून काढल्यास मुद्रा झिजते आणि पुरावा नष्ट होतो. मूठ सांबरशिंगाची असल्यास तिच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो.