बुद्धिबळाच्या पटावरील महासंख्या : रचना, विभाजक आणि अध्यापन

प्रस्तावना :
सांगलीची बुद्धिबळाची परंपरा भाऊसाहेब पडसलगीकर व नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे सर्वश्रुत आहे. या पटाशी निगडित असलेली धान्याची कथाही परिचित आहे. पहिल्या घरात एक दाणा व पुढील प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवल्यास ६४ घरांतील एकूण दाणे '२ चा ६४ वा घात उणे १', म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (इ.स. ११५०) सर्वोच्च स्थान परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्ये, ही संख्या १८४ परार्धांहून मोठी आहे. साताऱ्याच्या माण-खटावातील ज्वारीचा दाखला घेऊ. हजार दाण्यांचे वजन ३० ग्रॅम धरल्यास ही रास सुमारे ५५ हजार कोटी टन भरते. जगाचे वार्षिक उत्पादन सहा कोटी टन मानले, तर एवढी ज्वारी पिकण्यास नऊ हजारांहून अधिक वर्षे लागतील.

संख्येची रचना :
भूमिती श्रेढीसाठी 'लीलावती'त दिलेली रीती अशी : पदसंख्या सम असल्यास ती निम्मी करून वर्गाची खूण करावी, विषम असल्यास एक वजा करून गुणाकाराची, मग खुणा उलट क्रमाने वापराव्यात. येथे ६४ सहा वेळा निम्मे होतात, म्हणून २ पासून आरंभ करून सहा वर्ग पुरेसे ठरतात : ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि अखेरीस इष्ट घात. 'क चा वर्ग उणे १ = (क − १)(क + १)' हे सूत्र प्रत्येक वर्गास लावले की आपली संख्या अशी उलगडते :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

अशा रूपाच्या सर्व संख्या मूळ असाव्यात, असे फर्माचे अनुमान होते. शेवटच्या अवयवाचा ६४१ हा विभाजक दाखवून ऑयलरने १७३२ मध्ये ते खोडून काढले. याची सिद्धता फळ्यावर सहज मांडता येते. ६४१ = ५ × १२८ + १; म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१, आणि त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १ येते. तसेच ६४१ = ६२५ + १६; म्हणून ६२५ च्या जागी −१६ घेता येतात. परिणामी २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते व त्यात १ मिळवताच भाग नि:शेष जातो. दुसरा अवयव ६७००४१७ हा मूळ आहे. अशा रीतीने सात भिन्न मूळ अवयव मिळतात व एकूण विभाजक १२८ होतात.

अध्यापनातील महत्त्व :
संगणकावरील प्रचलित तक्ता-प्रणाली पंधराच सार्थ अंक राखते. तीत हेच गणित केल्यास उत्तराच्या शेवटी पाच शून्ये दिसतात, म्हणजे विषम संख्या सम भासते! परिमाणाच्या अंदाजास हे उत्तर पुरेसे आहे. विभाज्यतेच्या अभ्यासास मात्र निरुपयोगी.

निष्कर्ष :
संख्येचा आकार यंत्र सांगू शकते. तिचे गुणधर्म तिच्या घडणीत असतात. सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांत संख्याशास्त्रेतर विद्यार्थ्यांनाही हे उदाहरण खडू-फळ्याच्या साहाय्याने एका तासिकेत शिकविता येईल. यंत्राच्या उत्तरावर किती विसंबावे, याचा विवेक त्यातून निश्चितच रुजेल.