बफरसाठी सौम्य आम्ल कसे निवडावे?

थोडे आम्ल किंवा आम्लारी पडली तरी द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, फारसा हलू न देणे हे बफरचे काम. त्यासाठी जोडी लागते: सौम्य आम्ल पडलेली आम्लारी खाते, त्याचा क्षार पडलेले आम्ल पकडतो. हायड्रोक्लोरिक आम्लासारखे तीव्र आम्ल इथे चालत नाही, कारण त्याच्या मागे उरलेला क्लोराइड आयन आम्ल पकडूच शकत नाही.

आधी आपल्याला हवा असलेला सामू लिहून घ्यावा. समजा, रक्ताइतका, ७.४ हवा आहे.

मग पीकेए पाहावा. ज्या सामूला आम्लाचे निम्मे रेणू हायड्रोजन आयन सोडून बसलेले असतात, तो आकडा म्हणजे पीकेए. ॲसेटिक आम्लाचा ४.७६, अमोनियम आयनाचा ९.२५. सौम्य आम्लारी वापरताना हमखास चूक होते ती इथे. तक्त्यात अमोनियापुढे ४.७५ दिसतो, पण तो पीकेबी, म्हणजे आम्लारीसाठीचा तसाच आकडा, असतो. १४ मधून तो वजा केला की कामाचा आकडा मिळतो. अमोनियाचा बफर ९.२५ च्या आसपासच चालतो, ४.७५ ला नाही.

पीकेए आणि हवा असलेला सामू यांत फार तर एकाचा फरक असावा. ७.४ साठी ॲसेटिक आम्ल घेतले तर आम्लाच्या एका रेणूमागे ॲसिटेटचे सुमारे ४४० आयन होतात. आम्लारी थोपवायला आम्ल जवळपास उरतच नाही. फॉस्फोरिक आम्ल तीन टप्प्यांत हायड्रोजन सोडते, पीकेए २.१५, ७.२० आणि १२.३५. मधला टप्पा आपल्याला अगदी सोयीचा: डायहायड्रोजन फॉस्फेट १ मोल, तर मोनोहायड्रोजन फॉस्फेट सुमारे १.६ मोल. दोन्ही बाजू भक्कम.

आकडा जुळला म्हणून लगेच वजन करायला घेऊ नये. द्रावणात कॅल्शियम असेल तर फॉस्फेटशी मिळून पांढरा साका तळाशी बसतो आणि बफरही जातो, कॅल्शियमही. अशा वेळी ७.५ च्या आसपास पीकेए असलेले हेपेस हे सौम्य आम्ल बरे.

ट्रिस ही आम्लारी प्रयोगशाळांत फार वापरली जाते, पण तिचा पीकेए तापमानाबरोबर बराच सरकतो: दर अंशाला सुमारे ०.०२८. २५ अंशांना ८.० वर बेतलेले द्रावण शीतकपाटात ४ अंशांना ८.६ च्या जवळ जाते. बाटली तीच, चिठ्ठी तीच, सामू वेगळा. म्हणून ज्या तापमानाला बफर वापरायचा, त्याच तापमानाला मीटर लावून सामू जुळवावा.